बाटलीवरचे ९२ गुण, चार इकडे चार तिकडे

रॉबर्ट हॉजसन हे कॅलिफोर्नियातल्या हम्बोल्ट परगण्यातले निवृत्त प्राध्यापक. आयुष्यभर समुद्रविज्ञान शिकवलं, संख्याशास्त्र हातचं, आणि जोडीला फील्डब्रूक नावाची छोटीशी वायनरी. त्यांना एक कोडं छळत होतं. त्यांची वाइन एका स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन यायची आणि दुसऱ्या स्पर्धेत तिच्याकडे कोणी ढुंकूनही बघायचं नाही. दुसरा कोणी असता तर परीक्षकांच्या नावाने बोटं मोडून गप्प बसला असता. हॉजसन यांनी परीक्षकांचीच परीक्षा घ्यायचं ठरवलं.

कॅलिफोर्निया स्टेट फेअरची वाइन स्पर्धा अमेरिकेतली जुनी आणि मानाची. आयोजकांनी परवानगी दिली आणि २००५ पासून प्रयोग सुरू झाला. परीक्षकांसमोर एका वेळी साधारण ३० पेले येतात, लेबलाचा पत्ता नसतो, फक्त क्रमांक. त्या पेल्यांत हॉजसन यांनी काही वाइन तीन-तीनदा मिसळून दिल्या. तिन्ही पेले एकाच बाटलीतून भरलेले. म्हणजे ‘बाटली वेगळी निघाली’ ही पळवाटही बंद. परीक्षकांना यातलं काही सांगितलेलं नव्हतं.

चार वर्षांच्या निकालांवरचा लेख २००८ साली प्रसिद्ध झाला. गुण देण्याचा पट्टा ८० ते १०० असा, म्हणजे वापरात अवघे वीस गुण. त्यात एकाच वाइनला एकच परीक्षक काही मिनिटांच्या अंतराने साधारण चार गुण खाली-वर करत होता. आत्ता ९०, थोड्या वेळाने ८६, मग ९४. तिन्ही वेळा जवळपास सारखाच निकाल देणारे, म्हणजे एकाच पदकाच्या पट्ट्यात राहणारे परीक्षक शंभरात दहाच्या आसपास निघाले. तितक्याच लोकांनी त्याच वाइनला एकदा कांस्य आणि एकदा सुवर्ण देऊन टाकलं. बरं, या वर्षी अचूक ठरलेला परीक्षक पुढच्या वर्षी तसाच राहील, याचीही खात्री नव्हती. एका बाबतीत मात्र मंडळी ठाम होती: नावडती वाइन. वाईट ती तिन्ही वेळा वाईटच ठरली.

वजनाचा काटा एकाच बटाट्याच्या पिशवीला पाठोपाठ ८६, ९४ आणि ९० दाखवू लागला, तर आपण भाजीवाल्याशी भांडण काढू. वाइनच्या दुकानात मात्र बाटलीवर लिहिलेल्या, शंभरापैकी ९१ आणि ९२ मधल्या एका गुणासाठी आपण जास्तीचे पैसे मोजतो. प्रयोगशाळेतल्या कुठल्याही मोजमापापुढे ‘इतकं कमी-जास्त’ असं लिहायची पद्धत आहे. वाइनच्या गुणांपुढे ते कोणी लिहीत नाही. माझी खरी तक्रार तेवढीच आहे.

हे परीक्षक लबाड नव्हते आणि अडाणी तर मुळीच नव्हते. अडचण तोंडात आहे. लाल वाइनमधलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, त्यांची गुठळी होते आणि लाळेचा बुळबुळीतपणा जातो. जीभ खरखरीत लागते, तोच तुरटपणा. नवी लाळ सुटून तोंड पूर्ववत व्हायला वेळ लागतो, आणि परीक्षक तेवढा वेळ थांबत नाही. घोट थुंकून टाकला तरी टॅनिन आपलं काम करून गेलेलं असतं. त्यामुळे विसाव्या पेल्याचा तुरटपणा हा काही अंशी आधीच्या एकोणीस पेल्यांचा असतो. नाकाचंही तेच. एखाद्या वासाला सरावलेलं नाक तो वास कमी नोंदवतं. गोडसर वाइननंतर आलेली कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली वाइन उगाच आंबट लागते. कसलेल्या जिभेलाही या गोष्टींतून सुटका नाही.

हॉजसन पुढच्याच वर्षी आणखी एक हिशेब घेऊन आले. अमेरिकेतल्या तेरा स्पर्धांचे निकाल त्यांनी शेजारी शेजारी मांडले. तीनपेक्षा जास्त स्पर्धांत उतरलेल्या २,४४० वाइनपैकी ४७ टक्क्यांना कुठे ना कुठे सुवर्णपदक मिळालं होतं. त्या सुवर्णविजेत्यांपैकी ८४ टक्के वाइन दुसऱ्या एखाद्या स्पर्धेतून हात हलवत परतल्या होत्या. यामागचं गणित सोपं आहे. समजा, एका स्पर्धेत निव्वळ नशिबाने सुवर्ण मिळण्याची शक्यता दहात एक आहे. पाच स्पर्धांत प्रवेशिका पाठवली तर किमान एक सुवर्ण मिळण्याची शक्यता ४१ टक्क्यांवर जाते. बाटलीवर चिकटतं ते मिळालेलं पदक. उरलेल्या चार स्पर्धांचं काय झालं, हे कोणती वायनरी छापणार?

पण स्पर्धा वेगळी आणि नामांकित समीक्षक वेगळा. या गुणांच्या खेळाला आजचं रूप दिलं ते रॉबर्ट पार्कर या अमेरिकन वकिलाने. १९७८ साली त्यांनी वाइनवरचं वार्तापत्र सुरू केलं आणि शंभर गुणांची पद्धत रूढ केली. शंभरापैकी म्हणायचं, पण सुरुवात पन्नासपासून. ते पन्नास प्रत्येक बाटलीला फुकट. फ्रान्समधल्या बोर्दो भागातल्या १९८२ च्या वाइनची त्यांनी तोंड भरून तारीफ केली, ती खरी ठरली आणि त्यांचा शब्द प्रमाण झाला. किती प्रमाण, ते २००३ मध्ये मोजता आलं. बोर्दोच्या वाइन बाटलीत भरण्याआधीच, पिंपातल्या नमुन्यांवरून विकल्या जातात. पार्कर दर वसंतात तिथे जाऊन चव घेत, गुण जाहीर करत, आणि त्यानंतर वायनरी भाव काढत. त्या वर्षी मात्र त्यांचे गुण येण्याआधीच भाव ठरले. अर्थशास्त्रज्ञांना आयताच प्रयोग मिळाला. त्यांच्या हिशेबाने पार्कर यांच्या गुणांचा भावावरचा परिणाम सरासरी बाटलीमागे २.८० युरो इतका निघाला. वाइन पिंपात होती तशीच होती, भाव हलला तो गुणांमुळे.

मग २००४ मध्ये बोर्दोतल्याच सेंट एमिलियॉनच्या शातो पावी या वाइनवरून जाहीर खडाजंगी झाली. वाइन २००३ ची, त्या वर्षी युरोप उन्हाने होरपळला होता. पार्कर यांनी तिला शंभराजवळ जाणारे गुण दिले. ब्रिटनच्या वाइन समीक्षक जॅन्सिस रॉबिन्सन यांनी वीसपैकी बारा दिले आणि ही बोर्दोची वाइन वाटतच नाही, उशिरा तोडलेल्या अतिपक्व झिनफँडेल द्राक्षांची वाटते, अशी तिची संभावना केली. मला या भांडणात गंमत वाटते ती अशी, की पेल्यात काय आहे यावर दोघांचं फारसं दुमत नव्हतं. पिकलेली, दाट, जड वाइन. एकाला तेच हवं होतं, दुसरीला तेच खटकत होतं.

हा फरक हॉजसन यांनी मोजलेल्या चुकीहून वेगळ्या जातीचा आहे. जिभेची चलबिचल सरासरीने कमी करता येते. चार जणांनी स्वतंत्रपणे चव घेतली तर चार गुणांची अनिश्चितता दोनवर येते, सोळा जणांनी घेतली तर एकवर. आवडीनिवडीतला फरक असा विरघळत नाही. पार्कर आणि रॉबिन्सन यांची सरासरी काढून जो आकडा येईल, तो दोघांच्याही कामाचा नाही.

त्यात नाकं मुळातच वेगळी असतात. शिराझ या लाल वाइनमधला मिरीसारखा वास ज्या रेणूमुळे येतो त्याचं नाव रोटंडोन. काळ्या मिरीतही तोच असतो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं, की लाल वाइनच्या एका लिटरमध्ये १६ नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या हिश्शात मोजायचं प्रमाण, एवढ्यावरही तो जाणवतो. पण चाचणीतल्या पाचांतल्या एकाला तो भरपूर वाढवूनही आला नाही. नाशिककडे शिराझ बरीच होते. समीक्षकाने तिच्या मिरीवर खूश होऊन चार गुण जास्त दिले आणि तुमचं नाक त्या पाचांतलं एक असेल, तर ते चार गुण तुमच्यासाठी नाहीतच.

‘तज्ज्ञ सगळे ढोंगी’ हा निष्कर्षही मला तितकाच उथळ वाटतो. बोर्दोमध्ये पांढऱ्या वाइनला लाल रंग देऊन ५४ जणांना फसवल्याचा किस्सा नेहमी सांगितला जातो. ते नामवंत समीक्षक नव्हते, वाइनशास्त्राचे विद्यार्थी होते. आणि रंग डोळ्यांत भरला की नाक त्यामागे जातं, ते सगळ्यांचंच. अमेरिकेत लेबल झाकून घेतलेल्या सहा हजारांहून जास्त चाचण्यांत सामान्य लोकांना महाग वाइन जास्त आवडली नाही, उलट किंचित कमीच आवडली. वाइनचं शिक्षण घेतलेल्या लोकांत मात्र किंमत आणि पसंती थोडी जुळत होती. म्हणजे तज्ज्ञांना काहीतरी कळतं. ते आपल्याला हवं असलेलंच असेल असं नाही.

म्हणून दुकानात उभी असताना मी आकडा असा वाचते: ९२ म्हणजे ८८ ते ९६ मधलं काहीतरी. ८९ आणि ९० मध्ये फरक नाही, भावात असला तरी. ८४ आणि ९४ मध्ये बहुधा आहे. एकट्यादुकट्या पदकाकडे मी बघत नाही. दोन-तीन ठिकाणी पडलेली वाइन मात्र टाळते, कारण नावडीबाबत परीक्षक ठाम असतात. आकड्यापेक्षा खालची दोन ओळींची माहिती जास्त वाचते: आंबटपणा कसा, तुरटपणा किती, ओकच्या पिंपाची चव आहे का. आणि आपल्या आवडीशी जुळणारा एखादाच समीक्षक धरून ठेवते. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या दुकानात उभ्या ठेवलेल्या बाटलीबद्दल कोणाचेच गुण लागू नाहीत, उष्णतेने फळांचा ताजेपणा आधी जातो.

खात्री करायची असेल तर खाद्यउद्योगातली त्रिकोण चाचणी घरी करता येते. ९२ वाली आणि तिच्या निम्म्या किमतीची, त्याच द्राक्षाची, अशा दोन बाटल्या सारख्याच थंड करा. दुसऱ्या कोणाला तरी तीन सारखे पेले भरायला लावा, दोन एकीचे आणि एक दुसरीचा, क्रम त्याच्याच मर्जीने. वेगळा पेला ओळखायचा. नुसत्या अंदाजाने तो सरासरी तिनातून एकदा सापडतो, म्हणून एका फेरीवर जाऊ नका, चार फेऱ्या करा. चारही फेऱ्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता ८१ मध्ये एक. फेऱ्यांच्या मध्ये पाणी, कोरडा पाव आणि पाचेक मिनिटं, नाहीतर टॅनिन तुमचाही परीक्षक करून टाकेल. वेगळा पेला ओळखू आला, तर मग कोणता आवडला ते विचारा. नाहीच ओळखू आला, तर पुढच्या वेळी निम्म्या किमतीच्या दोन आणा.