मंडईतला पालक आणि पाकिटातला पालक

गेल्या वर्षी मार्चमध्ये 'स्पिनॅच' लिहिलेलं बियांचं पाकीट आणलं आणि पुण्यात आमच्या गच्चीवर पेरलं. मंडईत मिळते तशी लांब देठांची, रुंद पानांची जुडी डोळ्यांसमोर होती. चाळीसेक बियांतून सहा रोपं वर आली आणि वीतभर व्हायच्या आत फुलावर गेली. दुकानदार म्हणाला, बी जुनं असेल. मीही बरेच दिवस तेच धरून बसले होते. पण बियांचा दोष नव्हता, मुळात ती भाजीच वेगळी होती.

आपण ज्याला पालक म्हणतो तो बिटाच्या जातकुळीतला. शास्त्रात त्याला बीटा व्हल्गॅरिस म्हणतात, आणि बीटरूट, स्विस चार्ड (जाड देठांची परदेशी पालेभाजी) हे त्याचे सख्खे भाऊबंद. पाकिटातला स्पिनॅच म्हणजे स्पिनॅशिया ओलेरॅशिया. आपल्याकडे त्याला विलायती पालक म्हणतात, पण त्याचं मूळ विलायतेत नाही, इराणच्या बाजूला आहे. चीनमध्ये तो इ.स. 647 मध्ये नेपाळच्या राजाकडून भेट म्हणून पोचला, अशी तिकडच्या दरबारी नोंदींत माहिती आहे. दोन्ही भाज्या माठाच्या कुळातल्या, म्हणून नातं आहे, पण लांबचं.

पाकीट फोडल्यावर चिमूटभर बी तळहातावर घ्या, तिथेच फरक कळतो. देशी पालकाचं बी खडबडीत, कंगोरेदार, बुचाच्या तुकड्यासारखं हलकं लागतं. खरं तर ते एक बी नसतंच. दोन-तीन फळं एकमेकांना चिकटून वाळलेली असतात, म्हणून एका ठिकाणी टोचलं तरी दोन-तीन रोपं एकत्र उगवतात. ती बोटभर झाली की एक ठेवून बाकीची खुडून आमटीत टाकावीत. विलायती पालकाचं बी सुटं, गोल आणि बरंचसं गुळगुळीत असतं. व्हर्जिनिया सॅव्हॉयसारख्या काही वाणांचं मात्र काटेरी, बोटाला टोचणारं. उगवल्यावर पहिली दोन पानंही बघा: विलायतीची गवताच्या पात्यासारखी अरुंद आणि लांब, देशीची त्या मानाने आखूड.

खरा फरक पडतो तो हंगामात. विलायतीला थंडी हवी. माती तिशीच्या वर तापली की त्याचं बी उगवायलाच कुरकुरतं, आणि दिवस लांबून ऊन वाढलं की झाड पानं सोडून फुलाचा दांडा काढतं. महाराष्ट्रात तो ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर एवढ्यातच पेरावा. त्यातही नाशिक-पुण्याकडे जमतो, कोकणात मी तरी नादी लागणार नाही. हट्टच असेल तर बी ओल्या कागदात गुंडाळून आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवा आणि मग पेरा. देशी पालक ऊन बराच सोसतो. एप्रिल-मेमध्ये दुपारी सावली आणि रोज पाणी दिलं तर उन्हाळ्यातही पानं देतो, फक्त जरा लवकर जून होतात.

पेरणी दोन्हींची सारखीच: बी रात्रभर भिजवून, वीतभर खोल कुंडीत, बोटाच्या अर्ध्या पेराएवढं खाली. काढणी वेगळी. 'ऑल ग्रीन'सारखा देशी वाण महिना-सव्वा महिन्यात तयार होतो. मातीपासून दोन बोटं ठेवून विळ्याने कापला की पंधरा-वीस दिवसांत पुन्हा फुटतो, आणि अशा पाच-सहा कापण्या सहज होतात. विलायतीची बाहेरची पानं एकेक करून खुडावीत, मधला गाभा राखावा. त्याचं पान पातळ आणि मऊ, कच्चं सॅलडमध्ये छान लागतं. पण डाळपालकाला आणि भजीला मला देशीच हवा, शिजल्यावर त्याचा लगदा होत नाही.

परदेशातल्या आपल्या मंडळींचं उलटं होतं. तिथे पाकिटातला पालक वसंताच्या सुरुवातीला किंवा पावसाळी गारव्याच्या शरदात उत्तम येतो, पण ऐन उन्हाळ्यात सोळा तासांचा दिवस बघून लगेच दांड्यावर जातो. त्या दिवसांत स्विस चार्ड लावावा, तो आपल्या पालकाचाच भाऊ आहे.

बी धरायचं असेल तर विलायतीची बरीच झाडं राखा, कारण त्यात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. देशीच्या एकाच फुलात दोन्ही असतात. मात्र शेजारच्या कुंडीत बीट किंवा चार्ड फुलावर असेल तर त्या वर्षी देशीचं बी धरू नका. त्यांचे परागकण वाऱ्याने येतात, आणि पुढच्या पेरणीत कधी लाल देठांची, कधी भलत्याच पानांची रोपं उगवतात.