कर्करोगमुक्तांच्या हृदयावर परिधानीय उपकरणांनी देखरेख

कर्करोगाचे उपचार पूर्ण झालेल्या व्यक्तींच्या नाडीचा वेग, हृदयाचा ताल आणि रोजची हालचाल यांची मनगटी घड्याळ, छातीवरचा पॅच किंवा अंगठी अशा उपकरणांनी सतत नोंद ठेवण्याची पद्धत. कार्डिओ-ऑन्कॉलॉजी, म्हणजे कर्करोग्यांच्या हृदयाची काळजी घेणाऱ्या वैद्यकशाखेत, ती नेहमीच्या तपासण्यांना जोड म्हणून वापरली जाते.

कर्करोग बरा करणारे काही उपचार हृदयाला इजा करतात. डॉक्सोरुबिसिन या केमोथेरपीतील औषधाचा धोका एकूण मात्रेबरोबर चढतो. 2003 मधील एका विश्लेषणात दर चौरस मीटर शरीरपृष्ठामागे एकूण 400 मिलिग्रॅम मात्रेला सुमारे 5%, तर 550 मिलिग्रॅमला 26% रुग्णांत हृदय निकामी होण्याचा अंदाज निघाला. ट्रास्टुझुमॅब या मुख्यतः स्तनाच्या कर्करोगावरील औषधाने दुबळे झालेले हृदय औषध थांबवल्यावर बहुधा सावरते. छातीवरच्या किरणोपचाराचे परिणाम मात्र दहा-वीस वर्षांनीही उघड होतात, आणि तोवर कर्करोगतज्ज्ञाकडच्या फेऱ्या बहुतेक थांबलेल्या असतात. दोन तपासण्यांमधला हा लांब काळ घड्याळ भरून काढू शकते.

घड्याळाच्या तळाचा हिरवा प्रकाश त्वचेखालच्या रक्तप्रवाहातील चढउतार टिपतो व त्यावरून नाडी मोजली जाते. काही घड्याळे बोट टेकवल्यावर एका लीडचा (एकाच दिशेने टिपलेला) ईसीजी, म्हणजे हृदयाचा विद्युत आलेखही काढतात. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर, त्यात सापडू शकते. आयब्रुटिनिब हे रक्ताच्या काही कर्करोगांवरचे औषध घेणाऱ्यांत हा दोष अधिक आढळतो, म्हणून त्यांच्यासाठी ही सोय विशेष कामाची.

पण हृदय दर ठोक्याला किती रक्त बाहेर ढकलते, हे घड्याळाला थेट मोजता येत नाही. त्यासाठी इकोच (हृदयाची सोनोग्राफी) करावा लागतो. 2022 मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिक या रुग्णालयाच्या संशोधकांनी घड्याळाच्या ईसीजीवरून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने दुबळे हृदय ओळखून दाखवले, परंतु तो अभ्यास केवळ कर्करोगमुक्तांचा नव्हता.

एका दिवसाच्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. रक्तक्षय, ताप, शरीरातील पाणी कमी होणे, अपुरी झोप यांनीही नाडी वाढते. विश्रांतीतली नाडी काही आठवडे चढीच राहिली, चालणे घटले आणि जोडीला धाप किंवा पायांवर सूज आली, तर ती नोंद डॉक्टरांना दाखवण्याजोगी. नोंद निर्दोष दिसली तरी ठरलेला इको टाळू नये. खोटा दिलासा हा या साधनांचा खोट्या इशाऱ्याहून मोठा दोष म्हणावा लागेल.

स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या लसिका-ग्रंथी काढल्या असतील, तर घट्ट पट्टा त्या बाजूच्या हातावर न बांधता दुसऱ्या हातावर बांधतात.