फुटवा आला, पण झाड जगलं का?

बागेतलं जुनं झुडूप काढून टाकायचं ठरलं, की बोन्सायवाल्यांची नजर आधी त्याच्या बुंध्यावर जाते. कुंडीत मुळं आणि शेंडे सतत छाटले जातात. पानं कमी म्हणजे अन्न कमी, त्यामुळे रोपाचं खोड मनगटाएवढं व्हायला निम्मं आयुष्य जातं. जमिनीतल्या कामिनीनं किंवा डाळिंबानं ते काम कुणी न सांगता उरकलेलं असतं. जपानीत डोंगरातून उपटून आणलेल्या अशा झाडाला ‘यामादोरी’ म्हणतात. रानातलं झाड उचलायला परवानगी हवी; बागेतल्याला मालकाचा होकार पुरतो.

माझा पहिला प्रयोग बोगनवेलीवर होता. पहारीनं खणली, फांद्या सफाचट केल्या आणि ती कुंडीत लावली. तीन आठवड्यांत खोडभर गुलाबीसर कोंब! मी लगेच तिला उन्हात ठेवलं, वर खतही घातलं. महिन्याभरात सगळे कोंब माना टाकून बसले. कुंडी उलटी केली तर तोडलेल्या मुळांची टोकं काळपट, मऊ झालेली; पांढरा धागा एकही नाही.

तो फुटवा मुळांच्या जोरावर आलाच नव्हता. झाड खोडात आणि जाड मुळांत स्टार्च साठवून ठेवतं. शेंडा छाटला, की तिथून खाली येणारं ऑक्सिन हे संप्रेरक थांबतं आणि सालीखाली झोपलेले डोळे, म्हणजे न फुटलेले कोंब, जागे होतात. त्यांना खाऊ घालायला ती शिल्लक पुरते, पण पाणी कुठून येणार? पाणी जाड मुळं पीत नाहीत. ते काम कोवळ्या टोकांजवळच्या मूलरोमांचं. एकेक रोम म्हणजे एकाच पेशीचं लांबट बोट, जेमतेम काही दिवस किंवा आठवडे टिकणारं. अशी टोकं फांद्यांच्या घेराबाहेरही पसरलेली असतात, म्हणजे खणताना बहुतेक मागेच राहतात.

म्हणून पानांचा भार कमी करावा लागतो. पण जुनिपरसारख्या सूचिपर्णी झाडाला हा न्याय लावू नये. त्याच्या जुन्या, उघड्या लाकडावर सहसा नवे डोळे फुटत नाहीत. हिरवळ पुरती काढलेली फांदी बहुधा वाळतेच.

नवी मुळं येतात ती मुख्यतः कापाच्या कडेनं, सालीखालच्या पातळ जिवंत थरातून. पहारीनं चेचलेलं टोक कुजतं, तेव्हा धारदार करवतीनं ते पुन्हा स्वच्छ कापावं. मुळांना प्राणवायूही लागतो, आणि इथे उथळ बोन्साय-कुंडी घात करते. ओला स्पंज आडवा धरा, ठिबकणं थांबू द्या, मग उभा करा: आणखी पाणी गळेल. कुंडीच्या तळाशी साचून राहणाऱ्या पाण्याच्या थराची उंची मातीवर ठरते, कुंडीच्या खोलीवर नाही. उथळ कुंडीत तोच थर निम्मी जागा खातो. पहिली एक-दोन वर्षं खोल खोकं आणि चाळून बारीक भुगा काढलेली भरड, सच्छिद्र खडी बरी. खोड तारेनं खोक्याला घट्ट बांधायचं, कारण वाऱ्यानं ते हललं तरी कोवळी मुळं तुटतात. खत नंतर.

पानगळीची झाडं डोळे फुगायच्या बेतात असताना काढावीत. तेव्हा साठा भरलेला असतो. उष्ण प्रदेशातली झुडपं मात्र उबदार, वाढीच्या दिवसांत. जगल्याची खूण म्हणाल, तर भर दुपारीही ताठ राहणारी दुसऱ्या खेपेची पानं आणि खोक्याच्या भोकातून डोकावणारं पांढरं मूळ. उकरून बघायचा मोह आवरावा (मला तो अजून आवरत नाही).

घाई नसेल तर खणायच्या वर्षभर आधी बुंध्याभोवती अर्धवर्तुळाकार चर मारून तेवढीच मुळं कापायची आणि चर भरून टाकायचा. कापलेल्या टोकांशी बारीक मुळांचा झुपका तयार होतो, उरलेली बाजू झाडाला पाणी पुरवत राहते, आणि पुढे उचलताना मातीची हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा गोळा, सहसा फुटत नाही. माझी कामिनी सध्या अशीच अर्धी कापलेली उभी आहे. वरून बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही.