आव्हान कागदाला की कामाला? हरित न्यायाधिकरणातलं अपील आणि मूळ अर्ज

नागपुरात एखाद्या प्रकल्पावरून वाद पेटला की दोनचार बैठकांतच कुणीतरी म्हणतं, "एनजीटीत केस टाकू." कोणती केस, हे मात्र कुणी विचारत नाही. एनजीटी म्हणजे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण. त्याच्या २०१० च्या कायद्यात कलम १४ चा मूळ अर्ज वेगळा आणि कलम १६ चं अपील वेगळं. न्यायाधिकरण तेच, फी तीच, पण मुदतीत जमीन-अस्मानाचा फरक. हा घोळ दर प्रकल्पागणिक नव्याने घातला जातो आणि चांगलं प्रकरण गुणवत्तेवर नव्हे, तारखेवर हरतं.

हरकत आणि जनसुनावणी यांवर वेळ घालवत नाही. नागपूरजवळच्या कोराडी औष्णिक वीज केंद्राच्या २×६६० मेगावॅट संचांची २०२३ ची जनसुनावणी ज्यांनी पाहिली, त्यांना तो प्रकार पुरता ठाऊक आहे: ३० दिवसांची नोटीस, प्रदूषण नियंत्रण मंडळाचा मंडप, जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, माइकसाठी ओढाताण. एवढंच ध्यानात ठेवा की ते सगळं मंजुरीच्या आधीचं. तिथे लेखी हरकत दिली म्हणून पुढे आपोआप अपील दाखल होत नाही, आणि दिली नाही म्हणून अपिलाचा हक्कही जात नाही. फक्त हरकतीची पोच जपून ठेवा, पुढे पुरावा म्हणून ती कामी येते.

आता मुख्य गोष्ट. अपील असतं आदेशाविरुद्ध. पर्यावरण मंजुरी, म्हणजे बोलीभाषेतली ईसी, दिली किंवा नाकारली. वनजमीन वळवण्याचा अंतिम आदेश निघाला. अशा कागदाला आव्हान द्यायचं तर कलम १६. मूळ अर्ज असतो घडलेल्या किंवा घडत असलेल्या गोष्टीबद्दल: नाल्यात भराव टाकला, मंजुरी न घेताच काम सुरू केलं, मंजुरीतली अट मोडली. तिथे कलम १४.

दोन्हींची सरमिसळ होते कारण जमिनीवर दोन्ही एकाच वेळी दिसतात. म्हणून स्वतःला एकच प्रश्न विचारा: प्रकल्पवाल्याने मंजुरीतली प्रत्येक अट तंतोतंत पाळली, तरी माझी तक्रार उरते का? उरत असेल तर दोष कागदात आहे, अपील करा. उरत नसेल तर दोष वागण्यात आहे, मूळ अर्ज करा. औष्णिक वीज केंद्राच्या राखेच्या बंधाऱ्याचं उदाहरण घ्या. बंधाऱ्याची मंजूर जागाच गावाच्या विहिरींना लागून आहे, आणि प्रकल्पाच्या पर्यावरणीय परिणामांच्या अहवालात त्या विहिरींचा पत्ताच नाही, ही तक्रार अपिलाची. जागा ठीक आहे, पण राख ठरल्याप्रमाणे न साठवता नाल्यात सोडली, ही तक्रार मूळ अर्जाची.

आता मुदती. कलम १६ च्या अपिलाला आदेश कळवला गेल्यापासून ३० दिवस. त्यानंतर पुरेसं कारण दाखवून विलंब माफ करून घेता येतो, तोही जास्तीत जास्त आणखी ६० दिवसांचा. एकूण ९०. एक्याण्णवाव्या दिवशी न्यायाधिकरणाला दया आली तरी उपयोग नाही, कारण माफीचा अधिकारच तिथे संपतो. कलम १४ च्या अर्जाला वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिने, वर माफीचे ६० दिवस.

समजा, ईसी ५ जानेवारीला कळवली गेली. फेब्रुवारी २८ दिवसांचा धरला तर अपिलाचे ३० दिवस ४ फेब्रुवारीला संपतात आणि माफीसह सगळा हिशेब ५ एप्रिलला बंद होतो. तीच ५ जानेवारी मूळ अर्जाला लावली तर सहा महिने ५ जुलैपर्यंत आणि माफीसह ३ सप्टेंबरपर्यंत. इथेच मोह होतो. एप्रिल उलटून गेल्यावर जाग येते, मग ईसीलाच आव्हान देणारा मजकूर "मूळ अर्ज" या शीर्षकाखाली टाइप होतो. समोरचा वकील पहिल्याच तारखेला अर्जातला मागणीचा परिच्छेद वाचून दाखवतो: "सदर मंजुरी रद्द करावी." शीर्षक काहीही असो, मागणी अपिलाची आहे, आणि अपिलाची मुदत गेलेली आहे. इतका उघड डाव दरवेळी कुणाला तरी नवीन युक्ती वाटतो, याचं नवल आहे.

"कळवला गेला" म्हणजे नेमका कधी, हा खरा कळीचा मुद्दा. घरी पत्र येणार नाही. अर्जदार कंपनीला ते जातं, तुम्हाला नाही. जनतेला कळवण्याच्या वाटा तीन: मंजुरी देणाऱ्याने परिवेश या पर्यावरण मंजुऱ्यांच्या सरकारी पोर्टलवर आदेश टाकणं, प्रकल्पवाल्याने दोन स्थानिक वर्तमानपत्रांत जाहिरात देणं, त्यातली एक मराठीत, आणि ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा मनपाने मिळालेली प्रत ३० दिवस फलकावर लावणं. न्यायाधिकरणाने २०१३ मध्येच स्पष्ट केलं की या तिन्हींपैकी जी गोष्ट नीट पूर्ण होऊन सर्वांत आधी घडली, तिच्यापासून मुदत मोजायची. नीट पूर्ण म्हणजे पोर्टलवरची प्रत उघडता आणि डाउनलोड करता आली पाहिजे, नुसतं यादीत नाव दिसून भागत नाही. म्हणजे ग्रामपंचायतीच्या फलकावर आजतागायत काही लागलं नाही, ही तक्रार कितीही खरी असली तरी पोर्टलवर प्रत आधीच पडली असेल तर मुदत तेव्हाच सुरू झाली.

माहिती अधिकारात अर्ज करून प्रत येण्याची वाट पाहत बसणं, ही सर्वांत महागडी सवय. उत्तराला ३० दिवस लागू शकतात आणि तेवढीच तुमच्या अपिलाची मूळ मुदत आहे. प्रत पोर्टलवरून आजच काढा. मंजुरी देणाऱ्या राज्य पर्यावरण प्राधिकरणाच्या मुंबईहून निघणाऱ्या पत्राचा शेवट वाचा: अपील पुण्याच्या खंडपीठाकडे, काउन्सिल हॉलसमोरच्या नव्या प्रशासकीय इमारतीत, कलम १६ प्रमाणे ३० दिवसांत, असं तिथे चक्क छापलेलं असतं. लोक अटी वाचून संतापतात आणि हीच ओळ सोडतात. पोर्टलच्या पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट घ्या, जाहिरातीचं कात्रण वर्तमानपत्राच्या नावातारखेसकट ठेवा आणि तिन्ही तारखा अपिलात स्वतःहून लिहा. लपवलेली तारीख समोरचा काढतोच.

मूळ अर्जातही एक खाच आहे. कायद्यात शब्द आहे "पहिल्यांदा". त्यामुळे "प्रदूषण अजून सुरूच आहे, म्हणजे रोज नवी मुदत" या युक्तिवादावर विसंबून दोन वर्षं काढू नका. नुकसानभरपाई मागायची असेल तर ते कलम १५, तिथे पाच वर्षं. पण भरपाईच्या कलमातून ईसी रद्द होत नाही.

पुष्कळदा हाती अपिलासारखा कागदच नसतो. मेट्रोचा मार्ग पर्यावरण मंजुरीच्या परिशिष्टात, म्हणजे ईसी लागणाऱ्या प्रकल्पांच्या यादीत, नाही. शहरातल्या उड्डाणपुलाला सहसा ईसी लागत नाही. राष्ट्रीय महामार्ग नवा असेल तर लागते; रुंदीकरणाला मात्र १०० किलोमीटरपेक्षा जास्त लांबी आणि जादा जमिनीची ठरावीक मर्यादा ओलांडली तरच. बांधकामाला २०,००० चौरस मीटरपासून. आधी ईसी आहे का, हे तपासा, मग कलमाचा वाद घाला. झाडांचंही तसंच. नागपुरातल्या अजनीच्या इंटर-मोडल स्टेशनच्या वेळी झाडांचा प्रश्न गाजला, पण वृक्षतोडीची परवानगी ज्या १९७५ च्या राज्य कायद्याखाली मिळते तो न्यायाधिकरणाच्या परिशिष्टात, म्हणजे ज्या कायद्यांखालचे वाद तिथे चालतात त्यांच्या यादीत, नाही. वन्यजीव संरक्षण कायदाही नाही, त्यामुळे पेंच किंवा उमरेड-कऱ्हांडलाच्या परिसरातल्या वन्यजीव मंडळाच्या परवानगीला तिथे थेट आव्हान देता येत नाही. अशा वेळी सिव्हिल लाइन्समधलं उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ. रिट ऐकण्याचा उच्च न्यायालयाचा अधिकार हरित न्यायाधिकरणामुळे गेलेला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं आहे. तरी हाती कलम १६ चं अपील असताना ते सोडून रिट करू नका. "आधी तिकडे का गेला नाहीत?" हा प्रश्न येतोच, आणि तोवर पुण्याचे ९० दिवस उडालेले असतात.

आणखी एक "अपील" उगाच मध्ये येतं: महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याचं कलम ४७. मनपा, नागपूर सुधार प्रन्यास (नासुप्र) किंवा नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एनएमआरडीए) बांधकाम परवानगी नाकारली किंवा जाचक अटी घातल्या, तर ४० दिवसांत शासनाकडे जायचं. पण हा हक्क फक्त परवानगी मागणाऱ्याला. शेजाऱ्याला नाही, कॉलनीच्या संस्थेलाही नाही. तरी शेजाऱ्यांची निवेदनं "कलम ४७ अन्वये अपील" म्हणून मंत्रालयात जातात आणि तिथेच पडून राहतात.

दाखल करताना मागण्यांची खिचडी करू नका. नियमच आहे की एका अर्जात किंवा अपिलात वादाचं कारण एकच असावं, आणि मागण्या एकातून दुसरी निघणाऱ्या असाव्यात. ईसी रद्द करा, गेल्या पावसाळ्यातल्या राखेची भरपाई द्या, शिवाय झाडंही वाचवा, असा बारा पानी मसुदा भावनेला बरा वाटतो, पण छाननीतच अडकतो. मंजुरीतही दोष आणि कामातही उल्लंघन असेल तर दोन स्वतंत्र प्रकरणं करा. भरपाईची मागणी नसेल तर फी प्रत्येकी १,००० रुपये, म्हणजे पैसे वाचवण्याचंही कारण उरत नाही. ३० दिवस उलटले असतील तर विलंब माफीचा अर्ज अपिलासोबतच जोडा, आणि त्यात प्रत कधी पाहिली, कोणती कागदपत्रं कुठून मिळवली, हे तारीखवार लिहा. "गावकरी अशिक्षित असल्याने" हे वाक्य तर कृपा करून काढून टाका. ते खोटंही असतं आणि चालतही नाही.

अपील दाखल झालं म्हणून काम थांबत नाही. स्थगितीचा अंतरिम अर्ज वेगळा द्यावा लागतो, आणि तो पहिल्याच दिवशी. सोबत काम कुठवर आलं आहे, याचे तारीख दिसणारे फोटो लावा: पाया खोदला आहे की नुसतं कुंपण, झाडं उभी आहेत की ओंडके पडलेत. दोन खांब उभे झाल्यावर आलेल्या स्थगितीच्या अर्जाला "इतका खर्च झाला आहे" हे उत्तर तयार असतं.