दुसरी पदवी

एकदा पदवीधर झाल्यावर पदव्युत्तर शिक्षणाकडे न वळता पुन्हा पदवीच्याच पातळीवर, वेगळ्या शाखेत घेतलेले शिक्षण म्हणजे दुसरी पदवी. तिचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत केली की प्रवेशाच्या वेळी फसगत होते. तीन वर्षांची एलएल.बी., बी.एड. किंवा ग्रंथालयशास्त्राची बी.लिब. यांना आधीची पदवी ही प्रवेशाची अटच असते. बी.कॉम. झालेल्याने मानसशास्त्रात बी.ए. करायचे ठरवले तर मात्र बारावीच्या गुणपत्रिकेवर पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागते.

पहिला प्रकार महाराष्ट्रात चांगलाच मुरलेला आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे तिथून १८६२ मध्ये बी.ए. आणि १८६६ मध्ये एलएल.बी. झाले. लोकमान्य टिळकांनी १८७७ मध्ये गणित घेऊन बी.ए. केले, पुढे एम.ए. अर्धवट सोडून ते कायद्याकडे वळले आणि १८७९ मध्ये एलएल.बी. झाले. ‘बी.ए., एलएल.बी.’ ही जोडी वकिलांच्या पाट्यांवर पिढ्यान्‌पिढ्या दिसते ती याच वाटेने. आज तीन वर्षांच्या एलएल.बी.साठी राज्याची सीईटी द्यावी लागते आणि खुल्या वर्गाला पदवीला किमान ४५ टक्के गुण लागतात. बी.एड. पूर्वी वर्षाचे होते, २०१५ पासून दोन वर्षांचे झाले.

दुसऱ्या प्रकारातली वाट खडतर आहे. विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक (क्रेडिट) ज्या ऑनलाइन खात्यात साठतात त्या श्रेयांक बँकेत जमा झालेले श्रेयांक एका पदवीसाठी वापरले की खात्यातून वजा होतात, त्यामुळे आधीच्या तीन वर्षांच्या अभ्यासाची सूट क्वचितच मिळते. त्याहून जाचक अडचण पैशाची. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर, म्हणजे दहावीनंतरच्या शिक्षणासाठीच्या, शिष्यवृत्तीच्या नियमांत ‘बी.ए. नंतर बी.कॉम.’ हे अपात्रतेचे उदाहरण म्हणूनच दिले आहे. मर्यादित निधी आधी पहिल्या पदवीच्या मुलांना मिळावा, हे समजण्यासारखे आहे. पण सतराव्या वर्षी घरच्यांच्या सांगण्यावरून शाखा निवडलेल्या आणि ती न मानवलेल्या मुलीला हा नियम दार बंद करतो, आणि बंद होते ते गरिबाघरचेच दार. अशांना खरा आधार मुक्त विद्यापीठांचा आहे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नोकरी सांभाळून, मराठीतून पदवी घेण्याची सोय देत आले आहे.

एप्रिल २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने दोन अभ्यासक्रम एकाच वेळी करण्यास मुभा दिली. दोन्ही प्रत्यक्ष वर्गातले असतील तर तासांच्या वेळा एकमेकांवर येता कामा नयेत. एक प्रत्यक्ष आणि एक दूरस्थ किंवा ऑनलाइन असेही चालते. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी मात्र सावध राहावे. कायद्याच्या शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार एलएल.बी. करताना दुसऱ्या नियमित पदवीला नाव नोंदवता येत नाही. भाषा किंवा संगणकाचे छोटे अर्धवेळ प्रमाणपत्र किंवा विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्राचा अभ्यासक्रम तेवढा चालतो.

प्रवेश घेताना पहिल्या महाविद्यालयाचा टीसी, विद्यापीठ बदलत असल्यास मायग्रेशन (आधीचे विद्यापीठ सोडल्याचे प्रमाणपत्र) आणि मध्ये वर्षे गेली असल्यास गॅपचे प्रतिज्ञापत्र मागितले जाते. मायग्रेशन हाती यायला वेळ लागतो, म्हणून त्याचा अर्ज निकालाबरोबरच करून ठेवावा.