वेटलिस्टवर असणं वेगळं आणि नुसतं वाट बघत बसणं वेगळं

दरवर्षी फेब्रुवारी संपत आला की हेच सुरू होतं. कुणीतरी अमेरिकेत पोलिटिकल सायन्सच्या पीएचडीला आठ-दहा ठिकाणी अर्ज टाकलेले असतात, दोन ठिकाणांहून नकार आलेला असतो, बाकीच्यांचा पत्ता नसतो, आणि विचारलं की उत्तर येतं, "मी चार ठिकाणी वेटलिस्टवर आहे." तसा मेल आला का? "नाही, पण पोर्टलवर अजून अंडर रिव्ह्यू दिसतंय ना." अरे मग तू वेटलिस्टवर नाहीयेस, तू नुसता वाट बघतोयस. उलटा घोळ तर याहून वाईट. ओळखीतल्या एका मुलीला वेटलिस्टचा रीतसर मेल आला होता, तिला वाटलं हा गोड भाषेतला नकारच आहे, आणि तिने उत्तरच दिलं नाही. त्या मेलच्या शेवटून दुसऱ्या ओळीत लिहिलेलं होतं की यादीत राहायचं असेल तर अमुक तारखेपर्यंत कळवा. तारीख गेली, नाव गेलं.

शांततेबद्दल, म्हणजे कुठूनच काही न कळण्याबद्दल, फार सांगत बसत नाही, ती तुम्ही रोज सकाळी डोळे उघडल्या उघडल्या फोनवर बघताच. अर्ज बहुतेक डिसेंबरात जातात, काही जानेवारीच्या सुरुवातीला, आणि जानेवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत बातम्या येत राहतात. सगळ्या ऑफर्स एकाच दिवशी सुटतात असं नाही आणि नकाराची पत्रं बऱ्याचदा सगळ्यात शेवटी निघतात, कारण डिपार्टमेंट शिफारस करतं पण अधिकृत पत्र ग्रॅज्युएट स्कूलच्या ऑफिसातून यायचं असतं. त्यामुळे तुमची फाइल अजून वाचलेली नसेल, वाचून न सांगता बाजूला ठेवलेली असेल, किंवा नकार ठरून नुसतं पत्र निघायचं राहिलं असेल, तुम्हाला बाहेरून तिन्ही सारखंच दिसणार. पोर्टलवर सबमिटेडचं अंडर रिव्ह्यू झालं याचा अर्थ लावू नका, त्यात अर्थ नसतो. आणि प्रोफेसरने ऑक्टोबरात तुमच्या मेलला छान उत्तर दिलं होतं म्हणून आशा धरून बसला असाल तर तेही सोडा, या विषयात साधारणपणे डिपार्टमेंटची प्रवेश कमिटी निवड करते, लॅबवाल्या विषयांसारखा एक प्रोफेसर आपल्या पैशातून तुम्हाला उचलून घेत नाही. माझा अंदाज विचाराल तर, ऑफर मिळालेल्यांना डिपार्टमेंट दाखवायला बोलावतात तो व्हिजिट डे होऊन गेला आणि तुम्हाला तरी एक ओळ आली नाही, तर मनातल्या मनात तिथे नाही धरा आणि पुढच्या कामाला लागा.

आता वेटलिस्ट. लोक तिला अर्धा होकार म्हणतात, किंवा अर्धा नकार, आणि दोन्ही चूक आहे. तो पूर्ण निर्णय असतो. कमिटीने तुमची फाइल वाचली, हा माणूस आपल्याला चालेल असं ठरवलं, आणि तिथे कमिटीचं तुमच्याबद्दलचं काम बहुतेक संपलं. पुढचं सगळं अशा दहा-वीस जणांवर अवलंबून आहे ज्यांना तुम्ही ओळखत नाही आणि जे या क्षणी तीन-तीन ऑफर्स समोर ठेवून डोकं खाजवतायत. शांततेत तुम्ही कमिटीची वाट बघत असता, वेटलिस्टवर तुम्ही आणि कमिटी दोघं मिळून तिसऱ्याच कुणाची तरी वाट बघत असता. एवढा एक फरक डोक्यात बसला की बाकीचं आपोआप सुटतं.

हिशोब करून दाखवतो. समजा डिपार्टमेंटला बारा जणांची बॅच हवीये. प्रत्येक सीट म्हणजे पाच वर्षांची फी माफी आणि स्टायपेंड, त्यामुळे एक माणूस जास्त आला तर भलताच खर्च आणि मग पुढच्या वर्षीची बॅच छोटी करायची वेळ. पण निम्मे लोक दुसरीकडे जाणार हे अनुभवाने माहीत असतं, म्हणून ते चोवीस ऑफर्स देतात. एप्रिल उजाडतो तेव्हा आठ जण हो म्हणालेत, नऊ नाही म्हणालेत, आणि सात जण गप्प आहेत. आता बारातले आठच भरलेत म्हणजे चार जागा रिकाम्या, मग मला का घेत नाहीत असं तुम्हाला वाटतं. पण ते सातही जण हो म्हणाले तर बॅच पंधराची होते, म्हणून ते हलूच शकत नाहीत. मग १४ तारखेच्या दुपारी त्यातले पाच जण नाही कळवतात. आता राहिलेले दोघं हो म्हणाले तरी दहाच होतात, म्हणजे दोन जागा बिनधास्त देता येतात, आणि तेव्हा कुठे फोन फिरायला लागतात. दीड महिना ढिम्म असलेली यादी एका दुपारी हलते ती अशी.

आणि त्या दोन जागा कुणाला? इथे तिकिटाचं वेटिंग डोक्यातून काढून टाका. "माझा नंबर कितवा" या प्रश्नाला बऱ्याच ठिकाणी उत्तरच नसतं, कारण एक सरळ रांग केलेलीच नसते. ज्यांनी नकार दिला ते पाचही जण इंटरनॅशनल रिलेशन्सवाले असतील तर कमिटी तिकडचाच माणूस शोधणार, आणि तुम्ही थिअरीवाले असाल तर यादीत कितीही वर असा, उपयोग नाही. कम्पॅरेटिव्ह, अमेरिकन पॉलिटिक्स, मेथड्स, सगळीकडे तेच. म्हणून नंबर विचारू नका, यादी सबफील्डनुसार, म्हणजे विषयातल्या या उपशाखांनुसार, आहे का ते विचारा.

आता १५ एप्रिल, माझा सगळ्यात आवडता राग. "१५ एप्रिलला रिझल्ट लागतो" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता मी नुसता बघत राहतो. काही लागत नाही त्या दिवशी. अमेरिकेत काउन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स नावाची संस्था आहे, तिचा एक ठराव बऱ्याच युनिव्हर्सिटींनी मान्य केलाय, आणि तो म्हणतो की पैशासकट ऑफर मिळालेल्या विद्यार्थ्याला १५ एप्रिलच्या आधी उत्तर द्यायची सक्ती नाही. बस. ती मुदत विद्यार्थ्याला आहे, त्याच्यावर दबाव येऊ नये म्हणून. डिपार्टमेंटने त्या दिवसापर्यंत सगळ्यांना निकाल कळवावा असं त्यात कुठेही नाही. म्हणजे वेटलिस्टवाल्यासाठी १३, १४, १५ आणि त्यापुढचे काही दिवस खरे जिवंत, कारण दुसऱ्यांची उत्तरं तेव्हा येतात, आणि नुसती शांतता असलेल्यासाठी तो कॅलेंडरवरचा आणखी एक दिवस. तिथली मध्यरात्र म्हणजे आपल्याकडे १६ची सकाळ हेही लक्षात ठेवा, १५ला रात्री बारा वाजता रडून झोपू नका. ब्रिटनमध्ये हा ठराव नाही, तिथे प्रवेश आणि पैसे अनेकदा वेगवेगळे ठरतात, ऑफर हातात आणि फंडिंगचा पत्ता नाही असा तिसराच प्रकार असतो, त्याबद्दल परत कधीतरी.

यादी अजिबात न हलणारी वर्षंही असतात. सीट म्हणजे पैसा, पैसा आटला की सीट आटते. बॉस्टन युनिव्हर्सिटीने २०२५-२६ साठी पोलिटिकल सायन्स धरून डझनभर विषयांत नवे पीएचडीचे विद्यार्थीच घेतले नाहीत. अशा काळात सावध डिपार्टमेंट पहिल्या फेरीत ऑफर्सच कमी देतं आणि वेटलिस्टवर जास्त भिस्त ठेवतं, त्यामुळे मी तरी वेटलिस्टचा मेल आला की तोंड पाडून बसा असं कुणाला सांगणार नाही.

मेल कुणाला लिहायचा यातही लोक गोंधळ घालतात. शांतता असेल तर मार्चच्या मध्यानंतर ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरला, म्हणजे डिपार्टमेंटच्या ऑफिसात अर्जांचं कामकाज बघणाऱ्या माणसाला, दोन ओळी, निर्णय झाला असेल तर कळवाल का, इतकंच. वेटलिस्ट असेल तर डायरेक्टर ऑफ ग्रॅज्युएट स्टडीजना, म्हणजे पीएचडीचा कार्यक्रम सांभाळणाऱ्या प्रोफेसरांना, आणि तिथे मोकळेपणाने लिहा: यादीत राहायचंय, ऑफर आली तर मी येईन (खरंच येणार असाल तरच, चार ठिकाणी तुम्हीच माझी पहिली पसंती असं लिहू नका, ही माणसं एकमेकांना ओळखतात), यादी सबफील्डची आहे का, आणि नंतर मिळालेल्या ऑफरमध्ये पैसे इतरांइतकेच असतात का. शेवटचा प्रश्न विचारायला लोक लाजतात आणि तोच सगळ्यात कामाचा आहे. नवीन रायटिंग सॅम्पल (अर्जासोबत जोडतात तो लेखनाचा नमुना) पाठवू नका. दर सोमवारी आठवण करून देऊ नका, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एकदा पुरे.

आणि ज्यांच्याकडे चार ऑफर्स आहेत त्यांना हात जोडून. दोन ठिकाणी जाणार नाही हे तुम्हाला मार्चमध्येच माहीत असतं, तरी १५ तारखेपर्यंत ती धरून ठेवता, वर "हक्क आहे माझा" म्हणता. आहे हक्क. पण वरच्या हिशोबातले ते सात गप्प लोक म्हणजे तुम्हीच.

माझं सांगायचं तर मला एका ठिकाणी वेटलिस्ट होती आणि एका ठिकाणी ठार शांतता, आणि मी मूर्खासारखा शांततेवाल्याचं पोर्टल दिवसातून दहादा उघडायचो, कारण ते नाव मोठं होतं. वेटलिस्टवाल्यांचा फोन १४ एप्रिलला मध्यरात्रीनंतर आला, बाई म्हणाल्या की कम्पॅरेटिव्हमधली एक जागा आत्ता तासाभरापूर्वी सुटलीये, उद्यापर्यंत सांगाल का. मी तिथल्या तिथे सांगितलं. दुसऱ्यांचा मेल मे महिन्यात आला, तुमच्या अर्जावर निर्णय झालाय, पोर्टलवर बघा. पासवर्ड विसरलो होतो. रीसेट करायला दोन प्रयत्न लागले, पत्र उघडलं, आणि त्यांनी माझं आडनावच चुकीचं लिहिलं होतं.