गुलामी म्हणजे फक्त कापूस नव्हे

अमेरिकेतले गुलाम कापूसच वेचत, हा समज लुइझियानातल्या व्हिटनी प्लँटेशन संग्रहालयात टिकत नाही. 1752 साली सुरू झालेल्या या मळ्यात आधी नीळ, मग ऊस होता. कडाक्याची थंडी पडली की ऊस नासतो, तोडलेल्याचा रसही लवकर आंबतो. म्हणून ऑक्टोबरपासून हंगामभर चरक आणि काहिली रात्रंदिवस चालत. झोपेने पेंगुळलेल्यांचे हात चरकात चिरडत, उकळता रस कढईतून कढईत ओतताना अंग भाजे. हे गुऱ्हाळ नव्हे, माणसे झिजवणारा कारखाना होता.

2014 पासून खुले असलेले हे ठिकाण न्यू ऑर्लीन्सहून गाडीने तासाभरावर आहे. मालकाच्या वाड्यापेक्षा जास्त वेळ गुलामांची नावे कोरलेल्या भिंतींना द्या. आवारातला लोखंडी तुरुंग मात्र या मळ्याचा नाही; तो गुलामी संपल्यानंतर घडवलेला, बाहेरून आणलेला आहे.